पंखा थांबला तर: पुण्याच्या आकाशात इंजिनाविना उतरायचा सराव

दिवे घाट उतरताना पेट्रोल वाचवायचं म्हणून स्कूटर बंद करून उतारावर सोडून देणारे एक तरी काका प्रत्येक पुणेकराच्या नात्यात असतात. माझेही होते. घाटमाथ्यावर चावी फिरवायची आणि वडकी येईपर्यंत गाडी रामभरोसे. सवय वाईटच, ब्रेक तापतात आणि मागे बसलेल्याचा जीव टांगणीला लागतो. पण इंजिन बंद पडलेलं विमान खाली कसं येतं हे सांगायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही. विमान दगडासारखं पडत नाही, ते उतारावरून घरंगळत येतं. घाटाचा उतार आपल्याला आयता मिळतो, विमानाचा उतार वैमानिकाला नाकाच्या कोनावर स्वतः धरून ठेवावा लागतो.

नुकतंच स्टुडंट पायलट लायसन्स हातात पडलंय, बारामतीला किंवा आणखी कुठे सेसना या छोट्या विमानावर तास सुरू झालेत आणि ‘फोर्स्ड लँडिंग’ (नाइलाजाने मिळेल त्या जागी उतरणं) हा शब्द ऐकून पोटात गोळा येतो, अशांसाठी हे लिहितोय. मी व्यावसायिक वैमानिक नाही. हडपसरला ग्लायडरवर सुरुवात केली, मग छोट्या विमानाकडे वळलो, इतकंच. आणि एक अट आधीच सांगतो: इथलं सगळं शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर असतानाच करायचं, शाळेने नेमून दिलेल्या भागात करायचं. सरावासाठी इंजिन कधीच बंद करायचं नाही, फक्त थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, मागे घ्यायचा. मागच्या सीटवर मित्राला बसवून त्याला गंमत दाखवायची हा विषयही नाही.

आधी कागदावरचे दोन आकडे

प्रत्येक विमानाच्या हँडबुकमध्ये एक वेग दिलेला असतो, ज्या वेगाला ते इंजिनाविना सगळ्यात लांब जातं. सेसना १५२ चा ६० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). १७२ च्या जुन्या एन मॉडेलचा ६५, नव्या एस मॉडेलचा ६८. तुमच्या विमानाचा आकडा त्याच्याच हँडबुकमधून घ्या, मित्राच्या वहीतून नको. यापेक्षा हळू गेलात तरी विमान अलीकडेच खाली येतं, वेगात गेलात तरी अलीकडेच खाली येतं. ‘नाक थोडं वर धरलं की आणखी थोडं लांब जाईल’ ही भावना प्रत्येकाच्या हातात येते, मला तर आजही येते. ती खोटी आहे. नाक वर धरलं की वेग मरतो, हवेचा अडथळा वाढतो आणि पुढे स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटणं, वाट बघत असतं.

दुसरा आकडा उताराचा. १७२ सारखं विमान शांत हवेत साधारण १ फूट खाली येताना ९ फूट पुढे जातं. म्हणजे हजार फूट उंचीवरून सुमारे २.७ किलोमीटर. पुणेरी मापात सांगायचं तर शनिवारवाड्यावर हजार फुटांवर असाल, तर पर्वतीच्या पायथ्याला जमीन लागेल. तीन हजार फुटांवर स्वारगेट असेल तर हडपसरच्या गाडीतळाच्या आसपास. ६५ नॉटला हा उतार मिनिटाला सातशे-सव्वासातशे फूट पडतो, तेव्हा तीन हजार फुटांतून हातात येतात चार मिनिटं. बेडेकरांकडे मिसळीचा नंबर लागायलाही याहून जास्त वेळ लागतो.

जाता जाता एक वाद मिटवतो, कारण कँटीनमध्ये तो दर बॅचला होतो. जड विमान कमी लांब जात नाही. उतार तोच राहतो, फक्त त्याच उतारावरून ते जास्त वेगाने येतं, म्हणून त्याचा ग्लाइड स्पीड थोडा जास्त असतो. वाऱ्याची गोष्ट मात्र खरी आहे. समोरून १५ नॉटचा वारा असेल तर ६५ नॉटचं विमान जमिनीवरून ५० नॉटनेच सरकतं, आणि नवाचा उतार सातावर येतो. जून ते ऑगस्टमध्ये पुण्याकडे पश्चिमेचा वारा अंगावर घेत परतताना हे गणित आठवा. पर्वती लांब पडेल.

हडपसरला जाऊन बघा

इंजिनाविना उतरणं ही अनेकांना आणीबाणी वाटते. ज्यांना ती रोजची गोष्ट आहे, अशी माणसं आपल्या गावातच आहेत. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत चालतं. तिथे विंचने, म्हणजे जमिनीवरच्या मशीनने तार ओढून ग्लायडर वर फेकतात, तार सुटते, आणि त्या क्षणापासून पुढचं सगळं इंजिनाविनाच. कुठलाही ग्लायडर पायलट दुसऱ्यांदा प्रयत्न करायला परत वर जाऊ शकत नाही. प्रत्येक लँडिंग पहिलं आणि शेवटचं.

शक्य असेल तर तिथे काही तास घ्या. निदान एखादी जॉयराइड तरी घ्या, वेळापत्रक आधी विचारून जा. तेही नाही जमलं तर धावपट्टीच्या कडेला उभं राहून दोन तास नुसतं बघा. दोन गोष्टी दिसतील. एक, ग्लायडर मैदानापासून कधीच फार लांब जात नाही. दुसरी, शेवटच्या टप्प्यात पंखांवर एअरब्रेकच्या फळ्या उघडतात. म्हणजे पायलट मुद्दाम थोडा उंच येतोय आणि जादा उंची फेकून देतोय. ही सगळ्या विद्येची मेख. उंची टाकून देता येते, विकत घेता येत नाही.

ग्लायडरचा उतार आपल्या सेसनापेक्षा फार सौम्य, शिकवायच्या ग्लायडरचाही पंचवीस-तीसला एक असा. त्यामुळे ग्लायडरवरून आलेला माणूस सेसनात पहिल्यांदा थ्रॉटल ओढतो तेव्हा दचकतोच. मी दचकलो होतो. वाटलं कुणीतरी खालून चटई ओढली.

पहिला तास: नुसतं तरंगा

पहिल्या तासाला कुठेही उतरायचं नाही. चांगली उंची घ्यायची, आजूबाजूला आणि खाली दुसरं विमान नाही हे वळून-वळून बघायचं, कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरात गरम हवा सोडणारा दांडा) ओढायची, मग थ्रॉटल पूर्ण मागे.

कार्ब हीट आधी का, हे पुण्यातल्या पोरांना पटत नाही. ‘इथे कुठला बर्फ?’ कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आतली हवा वीस-तीस अंशांनी थंड होऊ शकते. श्रावणातली आपली हवा, बावीस-चोवीस अंश आणि ओली चिंब, ही कार्ब्युरेटरात बर्फ धरायला अगदी पोषक हवा. त्यात थ्रॉटल बंद, इंजिन गार होत चाललेलं. खोट्या बिघाडाचा सराव करताना खरा बिघाड ओढवून घ्यायचा नसेल तर हीट आधी, आणि खाली येताना दर पाचशे-हजार फुटांनी थ्रॉटल थोडा पुढे ढकलून इंजिन जागं आहे ना ते बघायचं. (नव्या एस मॉडेलमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे कार्ब हीटचा दांडाच नाही. तो शोधत बसू नका.)

थ्रॉटल गेल्यावर सगळ्यात आधी नाक. क्रूझच्या वेगातून ग्लाइडच्या वेगापर्यंत येईस्तोवर उंची सोडू नका, तो जादा वेग फुकटची उंची आहे. वेग ६५ ला आला की ट्रिम करा, म्हणजे हाताने जोर न लावता नाक तिथेच राहील असं ट्रिमचं चाक लावा, नीट ट्रिम करा, इतकं की हात सोडला तरी काटा हलू नये. पुढची चार मिनिटं डोकं इतर दहा गोष्टींत असणार आहे, वेग सांभाळायचं काम ट्रिमला देऊन टाका. मग क्षितिज काचेवर कुठे येतंय ते लक्षात ठेवा. एक मिनिट मोजा, किती फूट गेले ते लिहा. तीस अंश वळून पुन्हा मोजा, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली उघडणाऱ्या फळ्या) टाकून पुन्हा मोजा. हँडबुकमधला आकडा आणि तुमच्या हातातला आकडा यांत तफावत निघेल. ती तुमच्या हाताची आहे.

काचेवरचा ठिपका

आता मुख्य मुद्दा. बहुतेक नवशिके उंचीच्या घड्याळावर विसंबतात. ‘सर, दोन हजार आहेत, पोचू.’ अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. लोहगावची धावपट्टीच समुद्रापासून एकोणीसशेहून जास्त फूट वर आहे. घड्याळात चार हजार दिसले तरी पायाखाली जेमतेम दोन हजार. दिवे घाटाच्या वर सासवडच्या पठारावर गेलात की जमीन आणखी वर सरकते आणि घड्याळ मात्र तेच दाखवतं. खरंच इंजिन जाईल तेव्हा खालच्या माळाची उंची तुम्हाला कोण सांगणार? वजाबाकी करायला वेळ नसतो.

म्हणून कोन बघायचा. उतरायची जागा काचेत कुठे आहे, हा प्रश्न. ग्लाइडचा वेग पक्का धरून सरळ चालला असाल तर समोरच्या जमिनीवर एक ठिपका असतो जो काचेवर हलत नाही, फक्त मोठा होत जातो. विमान तिथेच चाललंय. जो भाग काचेवर वर सरकतोय तो तुमच्या आवाक्याबाहेरचा. जो खाली सरकतोय तो तुम्ही ओलांडून जाणार. वेग बदलला की हे सगळं खोटं ठरतं, म्हणून मघाशी ट्रिमचं एवढं पुराण लावलं.

हा सराव इन्स्ट्रक्टरबरोबर लांब सरळ फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर करा. सर थ्रॉटल मागे घेतील आणि विचारतील, ‘कुठे चाललोय ते बोट दाखव.’ दाखवलेली जागा आणि खरी जागा यांत सुरुवातीला निम्म्या धावपट्टीचा फरक पडतो. पाच-सहा खेपांत तो शंभर-दीडशे फुटांवर येतो. लक्षात ठेवा, काचेवरचा ठिपका म्हणजे चाकं टेकायची जागा नव्हे. जमिनीजवळ नाक उचलल्यावर विमान आणखी थोडं तरंगतं, त्यामुळे ठिपका टेकायच्या जागेच्या अलीकडे धरायचा.

डाउनविंडवरून थ्रॉटल गेला

ठिपका जमला की ओळखीच्या धावपट्टीवर सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या चौकोनी फेरीत. डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर, उतरायच्या उलट दिशेची बाजू), हजार फुटांवर, टेकायच्या जागेच्या बरोबर समोर आलात की थ्रॉटल बंद. इथून अर्धा वर्तुळ वळून ठरवलेल्या जागी उतरायचं. अमेरिकेत कमर्शियल लायसन्सच्या परीक्षेत हेच मागतात आणि मर्यादा असते ठरवलेल्या खुणेपासून पुढे २०० फूट, अलीकडे शून्य. आपल्याकडे प्रत्येक इन्स्ट्रक्टरची सहनशक्ती हीच मर्यादा.

बेस लेगवर, म्हणजे डाउनविंड आणि फायनल जोडणाऱ्या आडव्या बाजूवर, कधी वळायचं यावर सगळं अवलंबून. वारा शांत असेल तर थोडं थांबून, फायनलवर वारा समोरून जोरात असेल तर लगेच, किंबहुना धावपट्टीकडे तिरकं. बेसवर असताना धावपट्टीकडे बघा. कोन फार उंच वाटला तर थोडं बाहेर वळा, फ्लॅप घ्या. सपाट वाटला तर थेट खुणेकडे कापत या. बेस हा रस्ता नाही, कात्री आहे. छोटा-मोठा करायचा.

फ्लॅपच्या बाबतीत कंजूषपणा करा. एकदा टाकलेले फ्लॅप काढले तर विमान खाली बसतं. जागा पक्की हातात आली, उलट पुढे जातोय असं वाटतंय, तेव्हाच पुढचा टप्पा.

आणि तरीही उंच राहिलात तर स्लिप. एक पंख खाली, उलटं पाऊल पुढे, विमान बाजूने वारा खात तिरकं खाली येतं, वेग न वाढता. हँडबुक आधी बघा, सेसना १७२ च्या काही मॉडेलमध्ये जास्त फ्लॅप उघडलेले असताना स्लिप टाळा अशी सूचना असते. स्लिप म्हटलं की बॉब पिअर्सनची गोष्ट येतेच. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ कॅनडावर ४१ हजार फुटांवर असताना इंधनाविना कोरडं पडलं. इंधन मोजताना किलोच्या जागी पाउंड धरले गेले होते. विमानाचे कॅप्टन पिअर्सन हौशी ग्लायडर पायलट. गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर येताना ते फार उंच होते, तेव्हा त्यांनी एवढं मोठं विमान ग्लायडरसारखं स्लिपमध्ये घातलं. ती धावपट्टी तेव्हा मोटारशर्यतींसाठी वापरात होती, त्या दिवशीही माणसं होती. विमानातले सगळे ६९ जण वाचले. आमचे सर ही गोष्ट सांगून झाली की थांबून म्हणायचे, ‘आणि तू सेसनात स्लिपला घाबरतोस.’

माझी स्वतःची खोड वेगळीच होती. धावपट्टीपर्यंत पोचणार नाही या भीतीने मी डाउनविंडलाच धावपट्टीला चिकटून उडायचो. मग बेस आखूड, फायनल उंच, फ्लॅप पूर्ण, स्लिप, आणि तरी खूण मागे टाकून निम्म्या धावपट्टीवर. एकदा सर थंडपणे म्हणाले, ‘हे शेत असतं तर आता आपण पलीकडच्या विहिरीत.’

आता खाली बघा: शेतं

धावपट्टीवर जमलं की खऱ्या विषयाला हात घालायचा: अनोळखी जागा निवडणं. उंचीवर थ्रॉटल मागे, ‘कुठे उतरशील?’ आणि मग शाळेने ठरवलेल्या किमान उंचीपर्यंत खाली येऊन पुन्हा वर. शेतात चाकं टेकवायची नाहीत. त्या उंचीवरून पोचलो असतो की नाही हे स्वच्छ दिसतं.

परदेशी पुस्तकं म्हणतात ‘मोठं सपाट शेत निवडा’. ती लिहिणाऱ्याने आपल्याकडच्या वाटण्या बघितलेल्या नाहीत. एक एकराचा चौकोनी तुकडा म्हणजे बाजू जेमतेम ६४ मीटर. १७२ ला समुद्रसपाटीला, कोरड्या पक्क्या धावपट्टीवर, पन्नास फुटांच्या अडथळ्यावरून उतरून थांबायला चारशे मीटर लागतात. म्हणजे सहा-सात भावकीच्या पट्ट्या एका रेषेत आणि मध्ये बांध नाही असं काहीतरी हवं. वरून बघताना शेताच्या आकारापेक्षा बांधांची दिशा बघा. बांध उतारावर आडवे घालतात, बांध एकमेकांजवळ असतील तर तिथे उतार जास्त. दोन हजार फुटांवरून उतार डोळ्यांना दिसत नाही, बांध दिसतात.

ऊस. दौंड, बारामती, इंदापूर या पट्ट्यात कालव्याच्या दोन्ही बाजूंना वरून हिरवागार गालिचा दिसतो आणि नवशिक्याचं मन तिथेच जातं. तो गालिचा नाही, दहा-बारा फुटांची भिंत आहे. तोडणी झालेल्या उसाचं रान त्यातल्या त्यात बरं, पण सरी-वरंबा खोल असतो. सरीच्या रेषेत उतरलात तर ठीक, आडवे गेलात तर पुढचं चाक तिथेच राहील. ज्वारीची कापणी झालेली काळी रानं फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगली: लांब, उघडी, धसकटं कमरेपर्यंत नाहीत. तीच काळी जमीन जुलैमध्ये म्हणजे चिखल. चाक रुतलं की विमान उलटतं. द्राक्षबाग वरून नीटनेटक्या ओळींची दिसते, प्रत्येक ओळीत तारा आणि लोखंडी अँगल असतात. डाळिंबाची बाग बुटकी, पण झाडं ती झाडंच. शेततळ्याचं प्लॅस्टिक उन्हात चमकतं, ते लांबूनच ओळखा.

माझी पसंती माळाला. सुप्याच्या बाजूचं गवताळ माळरान, जिथे मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा फिरतात, तसल्या जागा वरून कोरड्या आणि निरुपयोगी दिसतात, आणि नेमक्या त्याच मोकळ्या असतात. दगड असतील, मेंढरं असतील. पण वायर कमी.

वायर दिसत नाहीत हे आत्ताच मान्य करून टाका. खांब दिसतात, तेही उशिरा. त्यामुळे अंदाज बांधायचा: विहीर दिसली की तिथे मोटर, मोटर तिथे वीज, वीज कुठल्यातरी डीपीवरून आलेली, आणि डीपी ते विहीर ही रेघ शेतावरूनच गेलेली. रस्त्याच्या कडेने खांबांची रांग असतेच, म्हणून शेत रस्त्याला लागून असेल तर रस्त्याकडच्या बाजूने आत येऊ नका. मोठे मनोरे मात्र लांबून दिसतात, दोन मनोऱ्यांमधून ‘जाईन’ असा विचार मनात आणायचा नाही.

वारा ओळखायला आपल्याकडे सोय चांगली. हिवाळ्यात पाचट जाळल्याचा आणि गुऱ्हाळाचा धूर मैलावरून दिसतो, तो ज्या बाजूला कलतो तिकडे वारा चालला. धूर नसेल तर शेततळं किंवा पाझर तलाव बघा. ज्या काठाजवळ पाणी गुळगुळीत, वारा त्या काठाकडून येतोय. काहीच नसेल तर उडताना कुठला वारा होता तोच धरा.

उन्हाळ्याची एक खास अडचण. एप्रिलमध्ये दुपारी एकोणचाळीस अंश असले की पुण्याची हवा जवळपास पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. वेगाचा काटा ६५ च दाखवतो, पण जमिनीवरून तुम्ही त्याहून वेगात जात असता. शेत वाटतं त्यापेक्षा लवकर संपतं. त्यात तापल्या काळ्या रानावरून गरम हवेचे झोत वर येतात आणि हिरव्या उसावर आलात की विमान पटकन खाली बसतं. म्हणून हा सराव सकाळी आठच्या आत सुरू करा. हातात पक्का बसला की मग मुद्दाम एकदा दुपारी करून बघा.

पोचायचं कसं? जागा मिळाली की तिकडे जा, तिच्या डोक्यावर जा. डोक्यावर दीड-दोन हजार फूट, मग वळत डाउनविंडला, टेकायच्या जागेच्या समोर हजार फूट, आणि तिथून पुढे तेच जे धावपट्टीवर शंभरदा केलंय. शंभरदा करायचं ते याचसाठी. एकदा हजार फुटांखाली आलात की जागा बदलू नका. पलीकडे दिसणारं आणखी चांगलं शेत नेहमीच दिसतं.

हातांची कामं

जागेकडे वळल्यावरच इंजिन का गेलं ते बघायचं, आधी नाही. हात एकाच दिशेने फिरू द्या: इंधनाचा सिलेक्टर, मिक्श्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) रिच, कार्ब हीट, मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) बोथ, प्रायमर बंद, पंप असेल तर चालू. वेळ उरला तर रेडिओवर मेडे तीनदा, कुठे आहोत, कुठे उतरतोय. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच, नाहीतर आणीबाणीच्या १२१.५ वर. ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) आणीबाणीचा कोड ७७००. टेकण्याआधी इंधन बंद, मॅग्नेटो बंद, पट्टे घट्ट, दार किलकिलं, आणि फ्लॅप विजेवर चालणारे असतील तर ते टाकून झाल्यावरच मास्टर, म्हणजे विजेचं मुख्य बटण, बंद.

सरावात यातलं एकही बटण खरोखर फिरवायचं नाही. बोट लावायचं आणि मोठ्याने बोलायचं. मेडेही केबिनमध्येच. उत्साहात मिक्श्चर ओढणारे विद्यार्थी असतात म्हणून इन्स्ट्रक्टरचा हात तिथेच घोटाळत असतो.

पुन्हा वर

इतकं सगळं जमल्यावर माणसं चुकतात ती इथे. ग्लाइडसाठी ट्रिम नाक-वर केलेला असतो. थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला की नाक एकदम उसळतं, जमीन जवळ, वेग कमी. तेव्हा हात आधीच पुढे दाबून ठेवा, थ्रॉटल द्या, कार्ब हीट बंद, फ्लॅप टप्प्याटप्प्याने, ट्रिम. किमान उंची आली की ‘अजून थोडं बघू’ म्हणायचं नाही.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर काय, हे विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. समोर. डावीकडे-उजवीकडे थोडं चालेल, मागे वळायचं नाही. धावपट्टीवर परतायला अर्धं वर्तुळ पुरत नाही, कारण वळल्यावर तुम्ही तिच्या बाजूला असता, रेषेवर नाही. आणि घाईत पंचेचाळीस अंश वाकवलात की स्टॉलचा वेग एकोणीस टक्क्यांनी वाढतो, साठला एक्केचाळीस. हे पटत नसेल तर इन्स्ट्रक्टरबरोबर उंचावर करून बघा: तीन हजारांना ‘जमीन’ धरा, चढत असताना थ्रॉटल बंद, चार सेकंद नुसते बसा (खऱ्या प्रसंगी भांबावण्यात तेवढे जातातच), मग वळा. किती फूट गेले ते बघून बहुतेकांची हौस फिटते.

घरी सराव करायचा तर फ्लाइटगिअर फुकट आहे, एक्स-प्लेनमध्ये इंजिन अवचित बंद पाडायची सोय आहे. चेकलिस्टचे हात आणि कधी वळायचं याचा अंदाज तिथे बसतो. ठिपक्याचा खेळ पडद्यावर अर्धाच शिकता येतो आणि विमान खाली बसल्याचं पोटात कळतं ते अजिबात नाही.

एक छोटी वही ठेवा. प्रत्येक खेपेला तारीख, वेळ, वारा, थ्रॉटल कुठे गेला, कुठे उतरायचं ठरवलं, कुठे पोचलो असतो. शेवटच्या रकान्यात एकच शब्द: लांब किंवा आखूड, म्हणजे खुणेच्या पुढे की अलीकडे. माझ्या पहिल्या अकरा नोंदींत नऊ ‘लांब’ होते. सरांनी वही चाळली, काही बोलले नाहीत, आणि पुढच्या तासाला डाउनविंडवर धावपट्टी पंखाला टेकू देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या मध्यावर दिसेल इतकं मला बाहेर ढकललं. बाराव्या नोंदीत ‘आखूड’ आहे, तेराव्यात काहीच लिहिलेलं नाही, फक्त बरोबरची खूण.